मार्च २०२० : साथीच्या पहिल्या पंधरवड्यात आपण कसे वागलो?

मुळाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या कार्यालयातले जुने कपाट रिकामे करताना २०२० सालची एक फाइल हाती लागली. तीत माझ्याच हस्ताक्षरातली एक सूचना होती : ‘बी-७ मधील कुटुंब विलगीकरणात आहे. कोणीही त्या मजल्यावर जाऊ नये. – सचिव.’ खाली १८ मार्च ही तारीख होती. कागदाच्या चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे पिवळे पडलेले तुकडे अजून होते. म्हणजे तो दारावर लावला गेला होता आणि पुढे कोणीतरी काढून जपून ठेवला होता. त्या घरातला मुलगा परदेशातून परतला होता, त्याला साधी सर्दीही नव्हती आणि महापालिकेने सांगितल्याप्रमाणे तो घरातच थांबला होता. तरीही हा कागद मी लिहिला आणि मीच नेऊन लावला.

तेव्हापासून मनात एकच प्रश्न घोळतो आहे. देशातला पहिला रुग्ण ३० जानेवारीला केरळात सापडला, तेव्हा आमच्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. ९ मार्चला पुण्यात दुबईहून परतलेल्या दोघांचे अहवाल बाधित आले आणि त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गटावर पहिला प्रश्न आला तो ‘कुठल्या सोसायटीतले?’ असा. नंतर नावे आली, घराचा पत्ता आला. रुग्णांची ओळख उघड करू नका, असे प्रशासन सांगत असतानाही ते सगळे फोनमधून फिरत राहिले आणि मीही ते वाचले. हा आजार किती दिवसांत अंगात दिसतो, खोकला आला तर कोणाला फोन करायचा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची सोय कशी लावायची, हे प्रश्न त्या गटावर कितीतरी दिवसांनी आले. मी ते संदेश पुन्हा काढून पाहिले, म्हणून हे खात्रीने सांगते.

नवा विषाणू आला की भीती वाटणार, त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. परंतु आजाराविषयीची माहिती मिळवण्याआधी आपण माणसांविषयीची माहिती मिळवली, आणि त्यामुळे लोक आजार लपवू लागले, असे माझे मत झाले आहे. आपापल्या डोळ्यांनी पाहिलेले कृपया इथे लिहा. पुढे ढकललेले संदेश नकोत.

सिस्टर_वॉर्ड_नऊ

ताई, धागा काढलात हे फार बरे केलेत. मी तीस वर्षे परिचारिका आहे. २००९ ची स्वाइन फ्लूची साथ आणि २०२० ची साथ, दोन्ही मी कामावर असताना पाहिल्या.

२००९ मध्ये ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. त्या साथीतला तो देशातला पहिला मृत्यू होता. दुसऱ्या दिवसापासून तपासणी केंद्रांवर जी गर्दी झाली ती मी विसरणार नाही. नायडू रुग्णालयाच्या बाहेर आईबाप तापलेली मुले कडेवर घेऊन रांगेत उभे असत. औषधांच्या दुकानांतले मुखपट्टे एका दिवसात संपले. मग लोकांनी हातरुमाल बांधले, त्यावर निलगिरीचे तेल शिंपडले आणि कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या करून मुलांच्या गळ्यात घातल्या. शाळा आठवडाभर बंद राहिल्या. घबराट होतीच, पण ती माणसाला रुग्णालयाकडे आणणारी घबराट होती, कारण आमच्याकडे द्यायला टॅमीफ्लू होते. नमुना राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जाई, अहवाल येई, गोळ्या सुरू होत आणि बहुतेक जण बरे होऊन घरी जात.

२०२० च्या मार्चमध्ये आमच्याकडे द्यायला काहीच नव्हते, हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. जो माणूस आपणहून पुढे येईल त्याचे चौदा दिवस जाणार, रोजंदारी जाणार, नाव गावभर होणार आणि बदल्यात औषध मिळणार नाही. मग त्याने का यावे? संपर्कातल्या लोकांची यादी करण्यासाठी मी फोन करत असे. एका गृहस्थांनी मला शांतपणे सांगितले की ते आठ दिवसांत कोणालाही भेटलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नीचा फोन आला. त्या बहुधा स्वच्छतागृहातून बोलत असाव्यात, कारण मागे नळ सोडलेला ऐकू येत होता. त्यांनी हळू आवाजात अकरा नावे सांगितली. साखरपुड्याला गेले होते सगळे. ‘आमचं नाव सांगू नका, मुलीचं लग्न मोडेल,’ एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्या अकरांपैकी दोघे पुढे बाधित निघाले.

आमच्यातल्या दोन मुलींना घरमालकाने खोली सोडायला सांगितली, हेही इथे नोंदवून ठेवते. पहाटे ड्यूटीवरून आल्या तेव्हा त्यांच्या बॅगा जिन्यात ठेवलेल्या होत्या.

इतिहासवाचक

सिस्टर, तुम्ही जे कारण सांगितलेत ते सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगलाही तंतोतंत लागू पडते, म्हणून थोडे विषयाच्या आतच राहून लिहितो.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर रुग्णांना उचलून ऑर्थर रोडच्या रुग्णालयात नेण्याचे काम सुरू झाले आणि तिथे नेलेला माणूस परत येत नाही, असा समज गिरणगावात पसरला. त्या समजाला आधारही होता, कारण प्लेगचे बहुसंख्य रुग्ण दगावतच होते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला. हेच रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईतल्या पहिल्या रुग्णांना तिथेच ठेवले होते आणि राज्यातला पहिला मृत्यूही १७ मार्चला तिथेच झाला.

पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. लोकांनी आजारी माणसे माळ्यावर आणि कणग्यांमागे लपवली, गाठी झाकल्या, मृत्यू दडवले. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्याच काळात टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय निघाले, आणि सरकारी रुग्णालयाच्या नावाने थरथरणारे लोक तिथे आपणहून आले, कारण आत कोण आहे, जेवायला काय मिळते, भेटायला कधी जाता येते हे त्यांना माहीत होते. सावित्रीबाई फुल्यांनी तर मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचे निधन झाले. पुण्यातल्या पहिल्या दोन रुग्णांचे नाव-गाव फोनवर फिरत होते, तेव्हाच सावित्रीबाईंचा स्मृतिदिन आला होता. ९ मार्चची ती संध्याकाळ आणि १० मार्चची सकाळ मला अजून एकत्रच आठवतात.

१३ मार्च २०२० ला राज्य सरकारने जो साथरोग कायदा लागू केला तो त्याच १८९७ सालचा. त्यात अधिकाऱ्यांना अधिकार होते आणि न ऐकणाऱ्याला शिक्षा होती. सिस्टरांच्या सहकारी मुलींसारख्यांना संरक्षण देणारी कलमे २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने त्यात घातली गेली, आणि आरोग्य कर्मचाऱ्यावर गंभीर हल्ला केल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली.

वाळवा_पोल्ट्री

माझा अनुभव माणसांचा नाही, पक्ष्यांचा आहे, तरी तो या धाग्यातलाच आहे असे मला वाटते. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा फेब्रुवारीत सुरू झाली. फोनवर एका कोंबडीचे चित्र आणि खाली चार ओळी, एवढाच तो संदेश होता. पशुसंवर्धन खात्याने, मंत्र्यांनी, डॉक्टरांनी खुलासे केले, पण आमच्या गावातल्या ज्या माणसाने तो संदेश दहा जणांना पाठवला त्याने खुलासा एकालाही पाठवला नाही.

ज्यांना हा व्यवसाय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रॉयलर पक्षी चाळीस-बेचाळीस दिवसांत विक्रीला येतो. त्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी उचल करायला आली नाही तर पक्षी थांबवून ठेवता येत नाही, कारण तो रोज खातो आणि वजनाची वाढ मात्र मंदावत जाते. माझ्या शेडमध्ये पाच हजार पक्षी होते. उत्पादनाचा खर्च किलोला सत्तर रुपयांच्या पुढे होता. व्यापारी रोज फोनवर ‘उद्या बघू’ म्हणत होता. पन्नासाव्या दिवशी त्याने बारा रुपये दर सांगितला आणि मी तो घेतला, कारण खाद्यवाल्याची उधारी आणखी वाढवणे मला शक्य नव्हते. शेजारच्या गावातल्या एकाने पिल्ले पुरली. त्याच्या मुलाने ते पाहिले, आणि नंतर तो मुलगा शेडकडे फिरकेना.

एप्रिलमध्ये दर चढले, पार दोनशेच्या वर गेले. तेव्हा आमची शेड रिकामी होती. पुढची बॅच टाकायला हातात पैसाच उरला नव्हता.

सह्याद्रीपायथा

मुळाकाठ, तुमच्या लेखातली कळकळ पोहोचली, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे आणि ती मी मनापासून मांडतो आहे. आमच्या गावाने मार्चच्या शेवटी गावबंदी केली. वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, आळीपाळीने पोरे बसवली आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत लिहिले. शहरातल्या लोकांनी त्याची छायाचित्रे पाहून आम्हाला अडाणी म्हटले. आमच्यापासून ग्रामीण रुग्णालय अठरा किलोमीटरवर आहे आणि तिथे तेव्हा श्वसनयंत्र नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी जायला दीड तास लागतो. गावात साठीच्या पुढची माणसे तीनशेच्या आसपास आहेत, कारण तरुण सगळे शहरात. तुमच्याकडे निदान रुग्णालये होती. आमच्याकडे वेस होती, आणि आम्ही ती लावून घेतली.

जे आले त्यांना आम्ही हाकलले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन वर्ग झाडून दिले, आशाताई रोज जाऊन ताप बघत होत्या, घरचे डबे फाटकाशी ठेवले जात. जून संपेपर्यंत गावात एकही रुग्ण नव्हता. त्यामुळे ‘कोण आले’ हे विचारण्यात चूक होती, हे मला मान्य नाही. साथीत ते विचारावेच लागते.

मुळाकाठ

सह्याद्रीपायथा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुम्ही म्हणता ते खरे आहे, कोण आले हे विचारावेच लागते. पण तुमच्या वहीत नाव लिहिल्यावर त्या माणसासाठी झाडलेला वर्ग होता, ताप बघणाऱ्या आशाताई होत्या आणि फाटकाशी डबा होता. माझ्या कागदात बी-७ लिहिले होते, पुढे त्यांच्यासाठी काय करायचे त्याची एक ओळही नव्हती. मला माझ्यातला आणि तुमच्यातला फरक तिथे दिसतो. फक्त एक विचारते. त्या दिवसांत वेशीवर अडवलेल्या कोणाला खरोखर दवाखान्याची गरज लागली का?

सह्याद्रीपायथा

लागली. शेजारच्या वाडीतली एक गरोदर मुलगी रात्री निघाली होती आणि वेशीवरच्या पोरांनी गाडी पाऊण तास अडवली. फांद्या बाजूला करायचा अधिकार कोणाला, हे ठरलेलेच नव्हते. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिले की रुग्ण, गरोदर बाई आणि दुधाची गाडी यांना कोणालाही न विचारता सोडायचे. हे पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते, तेवढे मी कबूल करतो.

कुडाळचा_चाकरमानी

आजवर हे कुठे लिहिले नव्हते. मी १७ मार्च २०२० ला सिंगापूरहून मुंबईला उतरलो. विमानतळावर डाव्या हाताच्या मागच्या बाजूला शिक्का मारला. मतदानाची जी न पुसणारी शाई असते तीच ती. शिक्क्यावर इंग्रजीत लिहिले होते की मुंबईकरांचे रक्षण करत असल्याचा मला अभिमान आहे, आणि खाली ३१ मार्च ही तारीख होती. शिक्का मारणारी मुलगी विशीतली असावी. ती म्हणाली, ‘सर, काळजी घ्या.’ मलाही तेव्हा खरोखरच आपण काहीतरी चांगले करतो आहोत असे वाटले.

दुसऱ्याच दिवशी बातमी आली की पालघरला गरीबरथमधून चौघांना उतरवले, कारण सहप्रवाशांना त्यांच्या हातावरचे शिक्के दिसले. त्यांनी घरात थांबायला हवे होते, प्रवास करायला नको होता, ही त्यांची चूकच होती. पण ती बातमी पाहिल्यावर माझ्या इमारतीतल्या लोकांची माझ्या हाताकडे बघण्याची नजर बदलली. मी चौदा दिवस दाराबाहेर पाऊल टाकले नाही. ३१ तारीख उलटली, तरी शाई गेली नाही. लिंबू लावले, खोबरेल लावले, कातडी लाल झाली, शिक्का मात्र फिकट निळा तसाच राहिला. एप्रिलमध्ये किराणा आणायला मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आणि डावा हात पिशवीच्या बंदात अडकवून जात असे. दुकानदाराने एकदा सुटे पैसे देताना तो पाहिला आणि नाणी फळीवर ठेवून मागे सरकला. तारीख वाचण्याइतका जवळ कोणीच येत नव्हते.

मे महिन्यात रीतसर परवाना काढून गावी गेलो. गावाने मला घरात घेतले नाही, शेतातल्या मांगरात ठेवले. त्याचे मला वाईट वाटले नाही, कारण सरपंच स्वतः आले, दहा हातांवर उभे राहून सगळे समजावून सांगितले, वीज जोडून दिली आणि रोज संध्याकाळी ‘बरां मां?’ म्हणून हाक मारून जात. आई सकाळी पेजेचे भांडे दगडावर ठेवून आंब्याखाली थांबायची आणि मी जेवेपर्यंत तिथून बोलायची. मुंबईतल्या इमारतीत मी घरात होतो आणि मांगरात घराबाहेर होतो, पण वाळीत टाकल्यासारखे मला मुंबईत वाटले. सह्याद्रीपायथा, तुमच्या वहीविषयी वाचून मला आमचे सरपंच आठवले.

सिस्टर_वॉर्ड_नऊ

चाकरमानी भाऊ, शाईबद्दल तुम्ही लिहिलेत ते अगदी बरोबर आहे. त्वचेचा वरचा थर झडल्याशिवाय ती जात नाही आणि नखाच्या कडेला तर महिने राहते. मुदत संपलेले शिक्के घेऊन लोक आमच्याकडे दाखला मागायला येत की आम्हाला आता काही नाही असे लिहून द्या. त्यांच्यासाठी आम्ही साध्या कागदावर, शिक्का आणि सही करून, तसे लिहून देऊ लागलो. काही जण तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवून फिरत.

मागाहून फोन लावला की ऐकू येणाऱ्या ध्वनिफितीतही बदल झाला. आधी तीत खोकल्याचा आवाज होता, नंतर आपल्याला रोगाशी लढायचे आहे, रोग्याशी नाही, असे शब्द आले. यादी करण्यासाठी फोन करताना मला तो फरक जाणवला. खोकल्याची फीत असताना माणूस घाबरलेल्या आवाजातच फोन उचलत असे.

मुळाकाठ

सर्वांचे प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी मी तो कागद घेऊन बी-७ मध्ये गेले. मुलगा आता बंगळूरला असतो, घरी त्याची आई होती. मी कागद समोर ठेवला आणि माफी मागितली. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, ‘मी दारामागेच उभी होते हो. चिकटपट्टी तोडल्याचा आवाज चार वेळा आला.’ चौदा दिवस पुरे झाल्यावर त्यांनीच तो काढला होता आणि कार्यालयात जमा करा म्हणून रखवालदाराकडे दिला होता.

मग त्यांनी मला एक गोष्ट विचारली, जी इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आली नव्हती. कागदावर मी ‘त्या घरी’ न लिहिता ‘त्या मजल्यावर’ असे लिहिले होते. त्यांच्या समोरच्या बी-८ मध्ये तेव्हा ऐंशी उलटलेले एक आजोबा एकटे राहत. सूचना वाचून डबेवाल्या बाई वर आल्या नाहीत, दूधवाला आला नाही आणि आजोबांना ऐकू कमी येत असल्यामुळे फोनवर काही सांगताही आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दार वाजवले, तेव्हा या बाईंनी खिचडीचे पातेले दोन्ही दारांच्या मधोमध जमिनीवर ठेवले आणि आपले दार लावून घेतले. पुढचे बारा दिवस आजोबांचे जेवण त्या विलगीकरणातल्या घरातूनच गेले. सोसायटीतल्या कोणाला, मलाही, याची कल्पना नव्हती.